होळीवर गेलेला पाळणा

नवी मुंबई ज्यांनी आखली त्यांनी पुष्कळ विचार केला होता म्हणतात. शाळा कुठे, बाजार कुठे, पावसाचं पाणी कुठून जाणार, सगळं आधी कागदावर ठरलं आणि मग विटा आल्या. फक्त होळीला लाकूड कुठून आणायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वाशीतल्या आमच्या सेक्टरमधली झाडं माझ्याच वयाची आणि माझ्यासारखीच किडकिडीत होती. त्यांना हात लावला तर माळी काठी घेऊन मागे लागायचा. त्यामुळे होळी जवळ आली की सेक्टरमधल्या पोरांची नजर बदलायची आणि मोठी माणसं गॅलरीतल्या मोडक्या खुर्च्या गुपचूप घरात ओढून घ्यायची.

कारण होळीचं लाकूड चोरायचं असतं. विकत आणलेल्या लाकडाच्या होळीत काही राम नाही, यावर आमच्यासारखी साताऱ्याकडून आलेली घरं आणि शेजारच्या गावठाणातली आगरी-कोळी घरं यांचं एकमत होतं. एरवी त्यांचं क्रिकेटच्या पिचवरूनसुद्धा जमत नसे. दुसरा नियम याहून कडक. एकदा लाकूड होळीवर चढलं की ते होळीचं झालं. मग ती तुमच्या दाराची चौकट का असेना, परत मागायची नाही. मागच्याच वर्षी एका सरकारी साहेबांची नवीकोरी शिडी होळीवर गेली होती आणि साहेब बिचारे तिच्याभोवती पाणी फिरवून, नमस्कार करून घरी गेले होते.

आमच्या इमारतीच्या लाकूडचोरांची म्होरकी एक मुलगी होती. तिसऱ्या मजल्यावर राहायची, माझ्याच वर्गात होती, नववीत. तिचं नाव लिहायचं नाही असं तिने मला बजावलंय आणि तिचं ऐकायची माझी सवय अजून सुटलेली नाही, म्हणून इथे म्होरकीच म्हणतो. उंच, काटक, दोन वेण्या, आणि आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर रस्त्यावरचा कुल्फीवाला थांबायचा. क्रिकेटमध्ये आधी बॅटिंग घ्यायची आणि फिल्डिंग आली की हिच्या पोटात दुखायचं. स्कूटरच्या चाकातली हवा सोडणं, बेल वाजवून पळणं हे तर रोजचंच. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास तिने गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवला आणि सकाळभर सगळी इमारत तोंडाला साबण लावून उभी राहिली.

टाकीचं प्रकरण तिला भोवलं. तिचे वडील माथाडी. कांदा-बटाटा बाजारात गोणी उचलायचे. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की ते करणारा. जिन्यात सगळ्यांच्या देखत त्यांनी तिला सुनावलं, "आनखी एक गाऱ्हानं आलं, तर परीक्षा झाल्याबरुबर गावाला. शाळा बंद. चुलत्याला सांगतो, स्थळ बघायला." ही नुसती धमकी नव्हती. थोरल्या मुलीला त्यांनी असंच दहावीच्या आधी गावाला पाठवलं होतं आणि दिवाळीला ती आली ती मंगळसूत्र घालूनच. म्हणून त्यानंतर इमारतीतलं कुणी म्होरकीबद्दल तक्रार करायला धजत नसे. मी सोडून. मी फक्त योग्य तक्रारीची वाट पाहत होतो.

आता आमच्या पाळण्याबद्दल. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ताईच्या जन्माच्या वेळी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता. सागवानी, चार खांबांचा, वर टांगायला लाकडी पाखरं. एसटीच्या टपावरून तो वाशीला आला. आधी ताई त्यात झोपली, मग मी, आणि मग इमारतीत ज्याच्या घरी बाळ त्याच्या घरी पाळणा, असं सुरू झालं. म्होरकीचा धाकटा भाऊसुद्धा त्यातच वाढला. बाळ रांगायला लागलं की पाळणा सुटा होऊन, गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे परत यायचा. आम्ही तळमजल्यावर राहायचो, त्यामुळे जिन्याखालची जागा आपलीच आहे असं आम्ही ठरवून टाकलं होतं. पाळणा तिथे असायचा.

त्या वर्षी त्याची पाळी पुन्हा आमच्याकडे येणार होती. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा लागला होता, पाय सुजलेले, तोंडाला चव नाही आणि माझ्यावर सारखी चिडचिड. बाबा ट्रकवर असल्यामुळे घरी पाहुण्यासारखे यायचे. आई तुर्भ्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायला जायची ती संध्याकाळी परतायची. सगळी तयारी तिच्या एकटीच्या अंगावर होती. होळी झाली की पाळण्याला पॉलिश करून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

होळीच्या दिवशी दिवे लागायच्या आत आई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन निघाली. नारळ माझ्याकडे होता. मला त्या वर्षी म्होरकीने लाकडं आणायला घेतलं नव्हतं, मी पळताना धापा टाकतो म्हणून, तेव्हा मी आधीच फुगलेलो होतो. मोकळ्या प्लॉटवर होळी रचून तयार होती. फळबाजारातल्या फुटक्या पेट्या, बांधकामावरच्या फळ्या, बांबू, एक अख्खा दरवाजा. शेजारच्या सेक्टरची पोरं आठवडाभर चिडवत होती की पोरीची होळी, पोरीएवढीच होणार. प्रत्यक्षात ती पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकेल एवढी झाली होती आणि म्होरकी तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

आई चालता चालता थांबली. ढिगाच्या मधोमध, पेट्यांच्या वर, आमच्या पाळण्याचा खांब दिसत होता. मी तर लगेच ओळखला. त्याच्यावर माझ्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या, हे मला घरात कौतुकाने अनेकदा दाखवण्यात आलं होतं.

"हे कुणी आणलं गं?" आईने विचारलं.

"काय माहीत, काकी. पोरांनी आणलं असेल," म्होरकी म्हणाली. "खूप पोरं आहेत ना आमच्यात."

तिच्या टोळीतल्या एका चिमुरड्याला श्रेय जातंय कुठे हे सहन झालं नाही. "हिनेच आणलं, जिन्याखालून," तो म्होरकीकडे बोट दाखवून म्हणाला. "आमी फक्त उचललं."

म्होरकीचा चेहरा उतरला. मग ती भराभर बोलायला लागली. जुनंपानं लाकूड वाटलं, बेवारस पडलंय असं वाटलं, अंधार होता जिन्याखाली. बाजूला उभे असलेले एक काका म्हणाले, "काढून घ्या ओ वहिनी, अजून पेटली नाय." आईने मान हलवली. होळीवर चढलेलं काढत नाहीत, एवढंच म्हणाली. मला मात्र परत येताना हळूच म्हणाली, "आगीला दिलेल्या पाळण्यात मी नातवंड ठेवू का?" मग कळलं की तो पाळणा जळायच्या आधीच गेलेला होता. तिने त्याच्याभोवती पाणी फिरवलं, नारळ वाढवला, नैवेद्य ठेवला. बाकीच्यांसारखाच नमस्कार केला. आमच्या सेक्टरची होळी त्या वर्षी सगळ्यात उंच झाली, हेही सांगायला हवं.

घरी ताईने रडून गोंधळ घातला. पाळणा होळीवर जाणं म्हणजे अपशकुनच, सासरी कळलं तर काय म्हणतील, आणि बाळाला काही झालं तर. आई म्हणाली, "पाळणा जळालाय. बाळाला काय झालंय? पोटावर हात ठेव आणि बघ लाथ मारतंय का." ताईने हात ठेवला. लाथ मारत होतं. त्यानंतर ती जरा कमी आवाजात रडली. आई मात्र भांडी घासायला मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांडी थोडीच होती. तिच्या वडिलांची तेवढी एकच वस्तू या घरात होती आणि बाहेर पोरं बोंबा मारत होती. मला त्या मुलीचा इतका राग आला की कानशिलं तापली.

मी चपला घातल्या. आईने आतून विचारलं, "कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर. तिच्या बापाला सांगायला."

"बस खाली."

मी बसलो नाही. मी भांडलो. तिने चोरी केली, वर खोटं बोलली, आणि तिला काहीच होणार नाही हा कुठला न्याय, असं बरंच काही मी बोललो. आई पदराला हात पुसत बाहेर आली. डोळे लाल होते. "पाळणा तर गेला," ती म्हणाली. "आता त्यापायी पोरगी पण घालवायची का?"

मी खवचटपणे म्हणालो, "मग काय पुरणपोळ्या पाठवायच्या तिला?"

हे मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या सकाळी, आईने माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट दिलं आणि तिसऱ्या मजल्यावर पाठवलं.

खाली सगळी इमारत रंग खेळत होती आणि म्होरकीचा पत्ता नव्हता. दार तिच्या वडिलांनी उघडलं. ती त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिची खात्री होती की मी कशाला आलोय, आणि खरं सांगायचं तर ते शब्द माझ्या जिभेवर आलेही होते. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय रं, काय काम काढलंस?"

"आईने पोळ्या दिल्यात," मी म्हणालो. "आणि हिला बोलावलंय."

त्यांनी उभ्या उभ्याच एक पोळी उचलली आणि वहिनींच्या हाताला चव हाय म्हणाले. म्होरकी ताटाकडे बघत राहिली. मला वाटतं तिला त्या पोळ्यांपेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुपारी ती आली ती बचावाचं भाषण पाठ करून. दारातच सुरू झाली, "काकी, काल ना, अंधारात मला..." आईने तिला थांबवलं. "ते राहू दे. उद्यापासून शाळा सुटली की इकडे यायचं. ताई दुपारची एकटी असते. तिला चालवायचं, जेवली का बघायचं, गप्पा मारायच्या. ही घे चावी."

"मी?" म्होरकी म्हणाली.

"मी आहे की घरी," मी म्हणालो.

"तू झोपतोस," आई म्हणाली. हे खरं होतं.

ताईने तर चक्क नाही म्हटलं. म्होरकी गेल्यावर आईला म्हणाली, "जिने पाळणा जाळला तिच्या हवाली मला करतेस?" आई म्हणाली, "तिच्याच." यापुढे आईने काही समजावलं नाही. समजावून सांगणं तिला कधी जमलंच नाही. ती चपाती लाटावी तशी एक गोष्ट करून टाकायची आणि पुढची हातात घ्यायची.

पहिले काही दिवस मजेशीर गेले, म्हणजे मला. ताई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि म्होरकी उंबऱ्यावर बसून इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची. परीक्षा जवळ आली होती. तह आणि लढाया ऐकून ताईला झोप लागायची, आणि ती उठली की म्होरकी म्हणायची, "चला, चालायचं." ताई नाही म्हणाली की ही सरळ चपला आणून पुढ्यात ठेवायची. ऊन उतरलं की दोघी खाडीच्या बाजूला जायच्या. पुढे ही, कुत्र्यांना हाकलत, मागे ताई, कमरेवर हात ठेवून. परत येताना दोघी हसत असत. कशाला, ते मला कधी सांगितलं नाही. आपल्याच घरात मी परका झालो होतो आणि याचं दुःख कुणालाच नव्हतं.

म्होरकी सुधारली वगैरे म्हणावं तर तसंही नाही. एकदा आई कामावरून आली तर ताईपुढे कैऱ्यांचा ढीग. आईने विचारलं, "कुठून आल्या?" म्होरकीने तोंड उघडलं. "बाजारातून" हा शब्द तिच्या ओठापर्यंत आलेला मला अगदी दिसला. तो तिने गिळला आणि म्हणाली, "कोपऱ्यावरच्या बंगल्यातून. न विचारता." मला वाटलं, आता तरी आई ओरडेल. आई म्हणाली, "उद्या जाऊन विचार त्यांना. आज चिरल्याच आहेत तर तिखटमीठ लाव." दुसऱ्या दिवशी म्होरकी बंगल्यात विचारायला गेली. तिथल्या आजी एवढ्या चक्रावल्या की त्यांनी तिला आणखी कैऱ्या दिल्या.

इथे काहीतरी घडायला हवं, हे मला कळतं. भर दुपारी ताईला कळा सुरू व्हाव्यात, घरात कुणी नसावं आणि म्होरकीने धावत जाऊन रिक्षा आणावी. तसं काही झालं नाही. ताईला कळा लागल्या त्या आईच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर, सगळ्यांच्या सोयीने. संध्याकाळपर्यंत मुलगी झाली. मी मामा झालो. म्होरकी दवाखान्यात आली, बाळाकडे लांबूनच बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. ताई घे म्हणाली, तर नको म्हणाली. असं ती कधीच वागत नसे. मला वाटलं, बाळाला घाबरली.

बारसं रविवारी ठरलं. तोवर आमची परीक्षा संपली होती. ताईची सासू आणि नणंद दुपारी येणार होत्या आणि त्यांना पाळणा दाखवायचा तर होता. मंडपवाल्याकडे चंदेरी झालरीचा पाळणा भाड्याने मिळत होता. आईला तो पसंत पडला नाही, त्यात कोण कोण झोपलं असेल म्हणाली. आमच्या पाळण्यात अर्धी इमारत झोपली होती, पण ते मी बोललो नाही. आईने आपलं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढलं. झोळी बांधायची ठरली. छताला पंख्याचा हुक होता. दोर टाकायला तिने म्होरकीच्या वडिलांना बोलावलं, कारण रविवारी बाजार बंद आणि दोराचं काम त्यांच्याहून चांगलं कोण करणार.

ते सकाळीच आले. स्टुलावर चढून त्यांनी हुकात दोर ओवला, दोन पदरी करून खाली सोडला. ताई पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. म्होरकी दारात उभी होती. आईने लुगड्याची दोन्ही टोकं एकत्र केली आणि म्हणाली, "भावजी, दोर झाला. झोळीची गाठ पोरीला मारू दे. बाळ दिवसभर हिच्याच पुढ्यात असणार आहे, गाठ हिच्या हातची असू दे."

लुगड्याची टोकं दोराला ज्या एका गाठीने बांधायची, तिच्यावरच सगळी झोळी तोललेली असते. म्होरकीला गाठ येत होती. वडिलांकडे बघून लहानपणीच शिकली होती. पण ती जागची हलली नाही.

"आधी एक सांगायचंय, काकी," ती म्हणाली.

"सांग."

"होळीच्या दिवशी मला माहीत होतं. तो पाळणा आहे हे माहीत होतं. आमच्या बारक्याला मीच त्यात झोके दिले होते. शेजारच्या सेक्टरच्या पोरांची होळी आमच्यापेक्षा उंच झाली होती, म्हणून घेतला. एकदा चढवला की कुणी परत काढणार नाही, हेही माहीत होतं. मी अंधार-बिंधार सांगितलं ते सगळं खोटं होतं."

हे ती खाली मान घालून बोलली नाही. आईकडे बघत बोलली. आवाज मात्र तिचा नेहमीचा नव्हता. तिचे वडील अजून स्टुलावर होते. त्यांना होळीचं काहीच माहीत नव्हतं, आणि आपण हे कुणासमोर बोलतोय हे तिला पक्कं माहीत होतं. ती गप्प राहिली असती तर जगात कुणाला काही कळलं नसतं. गेले दोन महिने मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता. ही आता जाणार, असं वाटलं, आणि ती जाऊ नये असंही फार वाटलं.

"ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," आई म्हणाली.

म्होरकीने दाराची चौकट धरली.

"पाळण्यावर टांगायची लाकडी पाखरं जिन्याखालीच होती. तू ती सोडवून, गोणपाटात गुंडाळून ठेवली होतीस. बेवारस लाकूड समजून नेणारं माणूस पाखरं सोडवत बसत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "राग आला होता मला. खूप आला होता. पण पाखरं ठेवलीस ना."

तिचे वडील स्टुलावरून उतरले. ताईने बाळाला छातीशी धरलं. आता हात उठणार, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं, म्होरकीलाही. पण ते आईकडे वळले.

"वहिनी, तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"आन मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला गावाला धाडली असती."

"धाडलीच असती," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला वाचता येईना. ते पोरीकडे बघत राहिले. पोरगी त्यांच्याकडे. तिच्या जागी मी असतो तर केव्हाच दाराबाहेर पडून खाडीपर्यंत पोचलो असतो.

आईने लुगड्याची टोकं पुढे केली. "गाठ मार गं," ती म्हणाली. "पाहुणे येतील."

म्होरकी पुढे आली. टोकं घेतली, पिळली, दोरात घातली, एक वेढा, दुसरा वेढा, मग दाताने धरून आवळली. गाठ सरळ बसली. ती बाजूला झाली.

मग तिच्या वडिलांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी झोळी धरली आणि पाय वर उचलले. हा गोणी वाहणारा, तालमीतल्यासारख्या अंगाचा माणूस आमच्या हॉलमध्ये, माझ्या आईच्या लुगड्याला लोंबकळत होता. गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. दोर करकरला. छताचा थोडा चुना माझ्या डोक्यावर पडला. गाठ हलली नाही. ते पुष्कळ वेळ तसेच राहिले, मला तर वाटलं आता उतरायचे नाहीत. मग पाय टेकले, गाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ताईला म्हणाले, "ठिवा बाळाला."

ताईने बाळ ठेवलं नाही. तिने ते म्होरकीकडे दिलं. "तूच ठेव," म्हणाली. या वेळी म्होरकी नको म्हणाली नाही. दवाखान्यात ती बाळाला नाही, आपल्या खोट्याला घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं. तिने बाळाला दोन्ही हातांत घेतलं, झोळीत ठेवलं, लुगड्याची कड नाकावरून बाजूला केली आणि झोळीची दोरी हातात घेतली. बाळ झोपेतच होतं. त्याला एवढ्या सगळ्याचं काही पडलेलं नव्हतं.

आईने तिच्या वडिलांना चहा विचारला. ते नको म्हणाले, दुपारी घुगऱ्या खायला येतोच म्हणाले. दारात जाऊन चपला घालायला लागले. एक चप्पल घालून झाल्यावर थांबले. आमच्याकडे पाठ होती.

"वहिनी," ते म्हणाले, "दहावीची पुस्तकं तुमच्या पोराची आन हिची संगटच घेऊ. जोडीनं घेतली की दुकानदार कमी करतोय."

आणि ते जिना चढून वर गेले. म्होरकी तोवर एकदाही रडली नव्हती. ती आता रडायला लागली, तोंडावर हात दाबून, बाळ उठू नये म्हणून आवाज न करता. दुसऱ्या हाताने ती झोळी हलवत राहिली.